बोलू नका, मोजणं चालू आहे

एकदा आमच्या शाळेला तालुक्याहून एक साहेब भेट द्यायला आले. भेट म्हणजे काय, तर सावली बघून गाडी लावायची, चहा घ्यायचा, एखाद्या पोराला उभं करून सोपा प्रश्न विचारायचा, शाबास म्हणायचं आणि शेरेबुकात 'समाधानकारक' लिहून पुढच्या शाळेच्या चहाला जायचं. साहेबांनी पहिलीतल्या एका पोराला विचारलं, "पाच आणि तीन किती?" पोरगं बोटांकडे बघत जरा थांबलं आणि म्हणालं, "आठ."

"शाबास!" साहेब म्हणाले.

पोराने मान वर केली आणि गंभीरपणे विचारलं, "कशावरून?"

साहेबांचा कप बशीच्या वर मध्येच थांबला. मी मुख्याध्यापक असल्यामुळे मला हसता येत नव्हतं. त्याच्या वर्गाच्या बाई मात्र खिडकीशी उभ्या राहून साहेबांकडेच बघत होत्या, जणू त्यांनी आता खरोखरच उत्तर द्यावं. साहेबांनी ते दिलं नाही. शेरा नेहमीचाच लिहिला, पण अक्षर थोडं कमी समाधानकारक होतं.

'कशावरून' हा बाईंचा शब्द. पोरगं बरोबर सांगो की चूक, त्या तेवढंच विचारत, आणि एकाच आवाजात. त्यामुळे बाईंच्या तोंडाकडे बघून उत्तर बदलायची जी कला पोरं शाळेत सगळ्यात आधी शिकतात, ती आमच्या पहिली-दुसरीत कुणालाच आली नाही.

आष्टी तालुक्यातल्या एका वस्तीवरची आमची शाळा, दोन शिक्षकांची. मुख्याध्यापक हे पद ऐकायला मोठं आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत त्याचा अर्थ, दोघांपैकी ज्याला कागद भरावे लागतात तो. बाई तेलगावकडच्या. उंच, हाडापेराने मजबूत, पायात पुरुषी सँडल. बदलून आल्या त्या दिवशी त्यांना शाळेची किल्ली दिली. ती ठेवायला पर्स उघडली तर आतून मूठभर चिंचोके फरशीवर सांडले. मागून गजगे आले, बाटल्यांची बुचं आली, मक्याचे दाणे आले. मी वाकून गोळा करायला लागलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या सर, पोरं येतील ना. किती सांडले तेबी कळंल."

वस्तीने त्यांचं नाव 'चिचुक्याच्या बाई' ठेवलं. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही.

आमच्याकडे गणित म्हणजे आवाज. ज्या शाळेतून एक ते शंभरचा गजर रस्त्यापर्यंत ऐकू येतो ती शाळा चांगली, असा सर्वांचा समज, माझाही होता. बाईंच्या वर्गातून आवाज यायचाच नाही. आलाच तर भांडणाचा. दुसरीतली पोरं चिंचोके फोडून त्यांचे फासे करून, फरशीवर खडूने पट आखून खेळत बसलेली असायची आणि कुणाची सोंगटी किती घरं पुढे गेली यावर वाद पेटलेला असायचा. मी एकदा म्हणालो, "बाई, थोडी उजळणी पण घेत चला. लोक विचारतात."

"ती गिनती न्हाई सर, ती आरती हाय," बाई म्हणाल्या. "आरती झाली की परसाद द्यावा आन घरी सोडावं."

दुपारच्या खिचडीचा त्यांनी एक शिरस्ता पाडला होता. त्यांच्या वर्गाची ताटं रोज एका पोराने आणायची. किती आणायची ते बाई सांगत नसत, त्याने आपलं ठरवायचं. ताटं कमी पडली तर आणणाऱ्याने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, आणि जास्त झाली तर उरलेली ताटं त्यानेच राखेने घासून परत ठेवायची. खिचडी शिजवणाऱ्या मावशी वैतागायच्या. "अवो बाई, मी देते की मोजून! पोरगं कवाचं भांड्यापशी उभं हाय, खिचडी गार व्हायली."

"होऊ द्या गार," बाई म्हणायच्या. "बोलू नका. मोजणं चालू हाय."

हे त्यांचं दुसरं वाक्य. पोरगं मोजत असलं की बाईंचा तळहात वर व्हायचा, चौकातल्या पोलिसासारखा, आणि त्यापुढे जो कुणी असेल त्याने थांबायचं. मावशी थांबायच्या, पालक थांबायचे. केंद्रप्रमुख एकदा निकडीचं परिपत्रक हातात धरून दारात तसेच उभे राहिले होते आणि एक पोरगी बुचांचा ढीग दहा-दहाने लावत होती. तो पुरा होईपर्यंत परिपत्रकाची निकड बरीच कमी झालेली होती.

तिसरं वाक्य, 'चुकलं? मंग परत.' यात राग नसे, धीर देणंही नसे. हातातून खडू पडला तर आपण वाकून उचलतो, तितक्याच सहजपणे त्या ते म्हणत.

संध्याकाळी शेरडं माळावरून परत येत तेव्हा बाई कधीकधी पोरांना वस्तीच्या वाटेवर उभं करायच्या. शेरडं मोजा. शेरडं काही रांगेत येत नाहीत. एक थांबतं, एक उलटं फिरतं, पिल्लं पायातून निसटतात. पोरांची भांडणं व्हायची, कुणाचंच कुणाशी जुळायचं नाही. मग कुणीतरी युक्ती काढायचं, एक शेरडू गेलं की एक खडा खिशात. मी म्हणालो, "वर्गात चिंचोके आहेत की मोजायला. ही उठाठेव कशाला?"

"चिचुके कुणीबी मोजंल, ते गप बसतात," बाई म्हणाल्या. "जे हलतं ते मोजता आलं पायजे."

मला हे वाक्य तेव्हा जरा भारदस्त वाटलं होतं, आणि भारदस्त वाक्यांवर माझा विश्वास कमी.

दसरा झाला की आमच्या वस्तीवर मुकादमांची ये-जा सुरू होते आणि दिवाळीच्या आत ट्रॅक्टर लागतात. अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते, पोरांसकट. ती पोरं उन्हाळ्यात परत येतात तेव्हा हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे असतात आणि पाटी कोरी झालेली असते. त्या वर्षी जाणाऱ्यांत दुसरीतली कोमल होती. नाव कोमल असलं तरी पोरगी चिवट. आणि सावकाश. दुसरी पोरं उत्तर देऊन मोकळी व्हायची तेव्हा ही तेराव्या चिंचोक्यापाशी बोट टेकवून म्हणायची, "थांबा, मोजायलीय."

बाईंनी ठरवलं की कोमल यंदा जाणार नाही. तिची आत्या वस्तीवरच राहत होती आणि पोरीला ठेवून घ्यायला तयार होती. प्रश्न बापाचा होता. अंकुश त्याचं नाव. बाई मला घेऊन त्याच्या घरी गेल्या. मुख्याध्यापक सोबत असला की वजन पडतं असा त्यांचा समज असावा. तो कशावरून, हे मात्र मी विचारलं नाही.

अंकुश ट्रॅक्टरला बांधायचे दोर उलगडून बघत बसला होता. म्हणाला, "बाई, तिला हितं ठिवलं तर फडावर बारक्याला कोण बघंल? तिची माय मोळ्या बांधणार का त्याच्या मागं पळणार?"

"बारक्यालाबी ठेवा आत्याकडं."

"त्यो ऱ्हात न्हाई मायबिगर. आन ठिवायचं कावून? काय येतंय तिला?" त्याने दोर खाली टाकला. "शेजारच्या वस्तीवरचं पोरगं शंभरपतुर धडाधड म्हणतंय, मी ऐकलंय. आमची ही तेरावर थांबती. दोन वरसं झाली तुमच्या चिचुक्याला."

हा वार बाईंवर होता आणि बरोबर लागला होता. पोरगी शिकत नाही म्हणून न्यायची, आणि शिकत नाही याचं कारण बाईंची पद्धत, असा सरळ हिशेब त्याने मांडला होता. मी मनात त्याची बाजू घेतली होती, हेही सांगितलं पाहिजे.

बाई म्हणाल्या, "मेळाव्याला या. बघा मंग."

"येतो की. चारचौघांत पोरीनं कायतरी करून दावलं तर ठिवतो. न्हाईतर ट्रॅक्टरात."

मेळावा म्हणजे गणित आनंद मेळावा. आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांनी एकेक कार्यक्रम बसवून आणायचा होता आणि त्याला तालुक्यातले एक वजनदार पुढारी प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. वाटेत मी बाईंना म्हणालो, "एक साधं करा. तिच्याकडून शंभरपर्यंत पाठ करून घ्या. आठवडा आहे. अंकुशला तेवढंच ऐकायचंय. पोरगी राहील."

"ऱ्हाईल की. आन पुढच्या दसऱ्याला त्यो परत इचारील, काय येतंय? तवा काय पाठ करू?"

"पुढचं पुढे बघता येईल."

"पुढचंच तर शिकवायलोत ना सर आपण," बाई म्हणाल्या आणि भराभर चालायला लागल्या.

मेळाव्याचा मांडव मोठा होता. पाहुणे उशिरा आले. वेळेवर आले असते तर ते पाहुणे कसले. समई लावण्यात, फेटे बांधण्यात आणि शाली पांघरण्यात बराच वेळ गेला. बाईंनाही शाल आली होती. त्या "नको" म्हणाल्या. केंद्रप्रमुखांनी डोळे वटारले तेव्हा ती घेऊन त्यांनी खाली बसलेल्या पोरांना बसायला अंथरली. पाहुण्यांनी भाषणात जीवनातलं गणिताचं महत्त्व सांगितलं. उदाहरण एकच होतं, निवडणुकीतही शेवटी मोजणीच महत्त्वाची असते.

मग कार्यक्रम. एका शाळेने आकड्यांचा नाच बसवला होता. पोरांच्या छातीवर पुठ्ठ्याचे रंगीत आकडे बांधलेले. घाईत तीनचा पुठ्ठा उलटा बांधला गेल्यामुळे रांगेत तीन नव्हता आणि सहा दोन होते. कुणाच्या लक्षात आलं नाही, टाळ्या सगळ्यांना सारख्याच पडल्या. दुसऱ्या शाळेच्या एका पोराने पाढे म्हटले, ते अशा वेगाने की शेवटी कोणता पाढा संपला तेच कळलं नाही. पाहुण्यांनी त्याला स्वतःच्या गळ्यातला हार घातला. मी मागे वळून पाहिलं. अंकुश मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता आणि त्या पोराकडे बघत होता.

आमचं नाव पुकारलं. कोमल तिची चिंचोक्यांची पिशवी घेऊन वर गेली. बाई माइकसमोर म्हणाल्या, "आमी काय बसवून आणलं न्हाई. पाहुण्यांनी इचारावं."

केंद्रप्रमुखांनी कपाळाला हात लावलेला मी पाहिला. पाहुणे मात्र खूष झाले. त्यांनी मागे पसरलेल्या पांढऱ्या कपड्यांच्या ताफ्याकडे हात केला. "सांग बरं बाळ, माझ्यासंगं किती माणसं आली?"

लोक हसले. कोमल हसली नाही. बोट पुढे करून मोजायला लागली. ताफा म्हणजे काही चिंचोके नव्हेत. एकाचा फोन वाजला, तो उठून बाहेर गेला. दोघं पाण्याच्या बाटल्या घेऊन वर आले. एक जण वाकून दुसऱ्याच्या कानाला लागला तो त्याच्यामागे दिसेनासा झाला. कोमल थांबली.

"चुकलं," ती म्हणाली. माइक चालू होता, सगळ्या मांडवाने ऐकलं. हशा पिकला. "परत."

दुसऱ्यांदा फोटोवाल्याने मध्ये येऊन सगळ्यांना दाटीने बसायला लावलं.

"चुकलं."

आता हशा नव्हता, कुजबुज होती. कुणीतरी म्हणालं, "खाली घ्या बे त्या पोरीला." पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. ते मनाने वाईट नव्हते. पोरीची सुटका करावी म्हणून ते खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "पन्नास म्हण, पन्नास." माइकने तेही सगळ्यांना सांगितलं.

बाईंचा तळहात वर झाला.

"बोलू नका साहेब. मोजणं चालू हाय."

त्या माणसाला अशा आवाजात 'बोलू नका' म्हणणारं दुसरं कुणी त्या तालुक्यात असेल असं मला वाटत नाही. मांडव गप्प झाला. पाहुणे तसेच अर्धे वाकलेले राहिले, मग सावकाश सरळ झाले आणि खरोखरच गप्प बसले. कोमलने बाईंकडे पाहिलं. बाई मांडवाच्या कापडाकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडावर नेहमीप्रमाणे काहीच लिहिलेलं नव्हतं.

कोमलने पिशवीची नाडी सोडली. खुर्च्यांमधून शिरून पहिल्या माणसापाशी गेली आणि त्याच्या हातावर एक चिंचोका ठेवला. "ह्यो धरा." मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. कडक इस्त्रीतली ती मोठी माणसं तळहात पुढे करून एकेक चिंचोका घ्यायला लागली. बाहेर फोनवर बोलणाऱ्याला तिने तिथे जाऊन दिला. परत पहिल्यापाशी आली आणि फ्रॉकचा ओचा पसरून म्हणाली, "आता द्या परत."

मध्येच एकापाशी अडलं. "तुमचा कुठंय?"

तो गृहस्थ गालात काहीतरी घोळवत होता. कार्यक्रमाला गेलं की हातावर काहीतरी पडतं आणि ते तोंडात टाकायचं असतं, या सवयीचा माणूस. भाजलेला असेल म्हणून त्याने चावून पाहिला होता. "लई कडक हाय की गं," तो दाढ दाबत म्हणाला.

कोमलने जरा विचार केला. त्याच्या तोंडातला मागणं तिला पटलं नसावं. पिशवीतून दुसरा काढून तिने त्याच्या हातावर ठेवला, "ह्यो गिनतीचा हाय, खाऊ नका," असं बजावलं आणि लगेच तोच परत घेतला. अख्खा मांडव हसला, या वेळी तिच्या बाजूने.

मग ती स्टेजवर मांडी घालून बसली आणि चिंचोके लावायला लागली. दहाची एक ओळ. दहाची दुसरी. उरले तीन. तिने पुन्हा एकदा बोट फिरवून खात्री केली.

"तेवीस."

पाहुण्यांना तो आकडा थोडा तुटपुंजा वाटला असावा. म्हणाले, "बाळ, खाली गाडीत आणखी लोक हायत. ड्रायव्हर हायत."

कोमलने मूठभर चिंचोके त्यांच्यापुढे धरले. "मंग त्यास्नी नेऊन द्या. मी पाह्यलं न्हाई त्यास्नी."

पाहुण्यांनी चिंचोक्यांकडे पाहिलं, मग लांब रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांकडे. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"मंग तेवीसच."

"कशावरून?" बाईंनी विचारलं. कोमलने ओळींकडे बोट दाखवलं. बाईंनी मान हलवली. कौतुक म्हणून एवढंच, हार वगैरे काही नाही. पाहुण्यांकडचे हार तोवर संपले होते.

मांडव मोडल्यावर अंकुश आमच्याजवळ आला. मग म्हणाला, "लई येळ लावला तिनं."

"लावला," बाई म्हणाल्या.

"दोनदा चुकली. सगळ्यांपुढं."

"दोनदा परत केलं. सगळ्यांपुढं."

अंकुशने खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं, मोटारसायकलवर पोरीला पुढे बसवलं आणि निघून गेला. 'हो' नाही, 'नाही' नाही. मला राहवलं नाही. "अहो बाई, दोन शब्द बोलायचे होते त्याच्याशी! हीच वेळ होती. मी बोलतो उद्या जाऊन."

बाईंनी तळहात वर केला.

"बोलू नका सर. मोजायलाय त्यो."

ट्रॅक्टर निघाले त्या सकाळी शाळेच्या वाटेवर नुसती चाकांची नक्षी होती. बाईंचा वर्ग निम्म्याने रिकामा. मी दर थोड्या वेळाने दाराशी जाऊन रस्ता बघत होतो. बाईंनी एकदाही बघितलं नाही. खडूने पट आखला, उरलेल्या पोरांना खेळायला बसवलं.

कोमल आली ती पहिली घंटा होऊन गेल्यावर. तोंड धुतलेलं, पण रडलेलं कळत होतं. सरळ आपल्या जागेवर जाऊन बसली. बाई फक्त म्हणाल्या, "कोमल, आज ताटं तुझ्याकडं."

दुपारी ती भांड्यापाशी गेली. मावशी हातात डाव धरून बोलायच्या बेतात होत्या, पण सवयीने थांबल्या. कोमल वर्गाकडे बघून एकेक ताट उचलत राहिली. पोरं रांगेने बसली, ताटं वाटून झाली आणि एक उरलं.

"उरलं, उरलं!" पोरं ओरडली. "कोमल घासणार!"

बाईंनी त्या ताटाकडे पाहिलं. "एक जास्त हाय. कशावरून आणलं?"

"जास्त न्हाई," कोमल म्हणाली. "दाराकडं बघा की."

दाराच्या चौकटीला धरून बारक्या उभा होता. शाळेचा नव्हता, वयात बसत नव्हता, खिचडीच्या माझ्या कुठल्याच रकान्यात मावत नव्हता. मायबिगर राहत नाही असं ज्याच्याबद्दल आम्हाला सांगितलं होतं तो, नाक वर ओढत, बहिणीच्या हातातल्या ताटाकडे टक लावून बघत होता.

बाईंनी एकवार सगळ्या रांगेवरून बोट फिरवलं. शेवटी ते दारापर्यंत गेलं.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. ते शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. "वाढा मावशी."